नको असलेले आवाज

दत्तोबा मुरदंड्यांच्या कानातलं यंत्र शब्द गिळायला लागलं ते दिवाळीच्या सुमारास.

सकाळी ते दाराकडे तोंड करून पेपर वाचत बसायचे आणि मागून स्वयंपाकघरातून मयूरी, त्यांची मुलगी, बोलत असायची. "अण्णा, बाजारातनं येताना..." मग काहीच नाही. मग "...आणि पावशेर आलं." घरघर नाही, आवाज बारीक होणं नाही. विणलेल्या कापडात एखादी तार नसावी तशी नुसती फट.

"काय आणू म्हणालीस?"

"कोथिंबीर, अण्णा. आणि आलं."

दत्तोबा इचलकरंजीत उभा जन्म जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. कापडात फट दिसली की जॉबर आधी मागाकडे बघतो. कुठला तरी पट्टा सैल झाला असेल, धोटा वाकडा पळत असेल. दत्तोबांनीही तेच केलं. यंत्रात दोष आहे असं धरलं आणि कानामागचा चिंचोक्याएवढा संगणक काढून, पुसून, परत लावून पाहिला. फटी राहिल्याच.

ऐकणं म्हणजे काय, हे त्यांना बहिरं झाल्यावर कळलं होतं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात केसासारख्या बारीक पेशी असतात. आवाजानं त्या हलतात आणि मेंदूकडे इशारा पाठवतात. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलं की त्या मरतात, आणि मेलेल्या परत उगवत नाहीत. इचलकरंजीत असे कान गल्लोगल्ली. कारखान्यात तसंही कुणाला काही ऐकू यायचं नाही. लोक ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी बोलायचे. त्यामुळे आपण कधी बहिरे झालो, हे बऱ्याच जणांना घरी गेल्यावर बायकोकडून कळायचं. दत्तोबांना तसंच कळलं होतं.

मग सुतासारखा मऊ धागा निघाला. छोट्याशा ऑपरेशननं तो कानातल्या शंखात सरकवायचा. कानामागचा संगणक बाहेरचा आवाज पकडतो, त्याचे विजेचे इशारे करतो आणि धागा ते थेट नसेला देतो. पूर्वी लाखोंचं असलेलं हे काम आता सरकारी योजनेत बसत होतं. धागा कारखान्यातून यायचा. संगणकात काय घालायचं, हे मात्र गावानं ठरवलं होतं.

गावानं म्हणजे 'नाद' गटानं. यंत्रमाग कामगारांच्या जुन्या सभागृहात हा गट जमायचा. कॉलेजातली काही पोरं, दोन शिक्षिका, दत्तोबा आणि त्यांचा जुना मित्र इम्तियाज मोमीन. इम्तियाज पूर्वी कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, तोही बहिरा झालेला, आणि संगणकाचं सगळं स्वतःच्या खटपटीनं शिकलेला. या कानांसाठी त्यांनी लिनक्स घेतलं होतं. लिनक्स म्हणजे कोरं कापड, असं इम्तियाज सांगायचा. जगभरच्या लोकांनी मिळून विणलेलं, कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही उसवून बघावं. प्रत्येक गट त्या कापडाचा आपल्या मापाचा सदरा शिवतो आणि वाटतो. 'नाद' हा त्यांचा सदरा.

या सदऱ्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती गाळणी. आवाजातलं बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला, हे निवडणारा भाग. गटाची स्वतःची गाळणी मोकळी होती. तिच्या आत काय चालतं ते कुणालाही वाचता यायचं. पण ती भरड होती. पहिल्या वर्षी ती लावलेल्या लोकांना कित्येक आठवडे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं ऐकू येत राहिलं. निम्म्या जणांनी यंत्र काढून कपाटात टाकलं.

तेव्हा एका कंपनीनं आपली 'निर्मळ' नावाची गाळणी फुकट देऊ केली. बोलणं पहिल्या आठवड्यात समजायचं. अट एकच, ती उघडून बघायची नाही. 'नाद'च्या पुढच्या आवृत्तीत ती आधीपासून घालायची की नाही, यावर सभागृहात भांडणं झाली. "आपल्या सदऱ्याला शिवून बंद केलेला खिसा कशाला?" असं इम्तियाज म्हणत राहिला. मतं समसमान पडली आणि शेवटचं मत दत्तोबांचं राहिलं.

दत्तोबांनी मतदानाआधी आठवडाभर निर्मळ चाचणीसाठी लावून पाहिली होती. आणि तिच्यातून त्यांनी शालनचा आवाज ऐकला होता.

शालन, त्यांची बायको, त्याच्या वर्षभर आधी छातीच्या आजारानं गेली होती. मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं युनिट तिनं उभं केलं होतं, सुताच्या धुळीत तिची हयात गेली; तिच्यामागं ते मयूरी बघत होती. मयूरी पुण्यात शिकत असताना ती तिला फोनवर निरोप बोलून पाठवायची. ते मयूरीनं जपून ठेवले होते. त्यातल्या एकात शालन सांगत होती, "मयू, तुझं अण्णा आज सैपाकाला लागलं. आमटीत मीठ दोनदा घातलं आणि वर मलाच म्हणत्यात, तुझ्या जिभंला चव न्हाई." हा आवाज दत्तोबांनी पंधरा वर्षांत ऐकला नव्हता. खणखणीत, आजूबाजूला काही नाही, जणू समोर बसून बोलतेय.

त्यांनी हात वर केला. त्या दिवसापासून 'नाद' बसवताना पडद्यावर 'निर्मळ'पुढच्या चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली असायची. ती काढायची मुभा होती. कुणी काढत नव्हतं. स्वतः इम्तियाजनं तेवढी काढली, आणि चार महिने लोकांना "काय? काय?" विचारत हिंडला.

आता दोन वर्षांनी दत्तोबा त्याच्याच टेबलापुढे बसले होते.

"यंत्र शब्द खातंय माझं."

"खाऊ दे की. दिवसभर तुझी बडबड ऐकून त्याला पण भूक लागत असंल."

"चेष्टा ऱ्हाऊ दे, इम्त्या. बघ जरा."

इम्तियाजनं यंत्र तपासलं. बारीक, जाड, सगळे सूर वाजवून बघितले. दत्तोबांना सगळे ऐकू आले.

"ठणठणीत हाय. तुझाच एखादा स्क्रू ढिला झालाय."

"घरी तुटतंय म्हणतोय मी. मयूरी बोलताना."

"मग घरी येतो. च्या पण हुईल."

रविवारी इम्तियाज आला. दोघं सोप्यात बसले. मयूरीनं चहा आणून दिला आणि आत जाऊन पोळ्या लाटता लाटता इम्तियाजच्या सुनेची चौकशी करायला लागली.

"हे बघ," दत्तोबा एकदम म्हणाले, "आत्ता तुटलं. 'बाळंतपणाला' म्हणाली आणि फुडं काय न्हाई. आता परत लागलं."

इम्तियाजनं कप खाली ठेवला. "परत सांग. कधी तुटलं?"

"आत्ता गा! हे बघ, परत."

इम्तियाजनं मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं.

"दत्तू, पोरगी खोकतेय."

"कोण?"

"मयूरी. मी आल्यापासनं खोकतेय. कोरडा खोकला हाय. तुला न्हाई ऐकू येत?"

दत्तोबा वळले. मयूरी ओट्याशी पाठमोरी उभी होती. एक हात भिंतीला टेकलेला, दुसरा तोंडावर. तिचे खांदे हलत होते. दत्तोबांच्या कानात रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाक होती, इम्तियाजच्या खुर्चीची कुरकुर होती. स्वयंपाकघरातून काहीही येत नव्हतं.

बहिरे होते तेव्हा ते घरात सतत माणसांच्या तोंडाकडे बघत असायचे. कारखान्याची सवय. कुणी नुसती मान वळवली तरी त्यांना कळायचं. ऐकू यायला लागलं आणि बघायची गरज संपली. दोन वर्षं ते पाठ करून, मजेत पेपर वाचत, लेकीचं बोलणं ऐकत बसले होते.

ते उठून आत गेले.

"कधीपासनं?"

"काय?"

"खोकला."

मयूरीनं पदराखाली दडवल्यासारखा हात मागे घेतला. "गणपतीपासनं असंल."

"आणि मला सांगायचं न्हाईस?"

ती त्यांच्याकडे अशी बघायला लागली की तेच कानकोंडे झाले.

"सांगायचं काय त्यात, अण्णा? रोज तुमच्या मागंच तर खोकत होते. मला वाटलं, तुम्हाला ऐकू येतंय." तिचा आवाज बारीक झाला. "वाटलं, ऐकून गप बसताय. आईचं आठवत असंल, म्हणून विषय नको वाटत असंल. मग म्हटलं, तुम्ही काढत नाही तर मी तरी कशाला काढू."

सोप्यातून इम्तियाजनं उगाच मोठ्यानं विचारलं, "पोळी करपली काय गं?" करपली होती.

दुसऱ्या दिवशी दत्तोबा तिला घेऊन मिरजेला डॉक्टरांकडे गेले. छातीचे फोटो, फुंकायची नळी, सगळं झालं. सुताच्या धुळीचा तोच आजार. अजून वेळ गेलेली नाही, डॉक्टर म्हणाल्या, पण धुळीत जाणं आजपासून बंद. आणखी वर्षभर अशीच राहिली असती तर गोष्ट वेगळी होती.

परतीच्या गाडीत मयूरी म्हणाली, "आईचं पण असंच सुरू झालेलं. तुम्हाला तेव्हा ऐकू येत नव्हतं." दोषाचा सूर नव्हता. झालं ते सांगितलं.

खोकला आणि त्यात अडकलेला शब्द निर्मळच गाळत असणार, हे पडताळायला त्या आठवड्यात सभागृहात एक विचित्र चाचणी झाली. निर्मळ लावलेल्या लोकांना डोळे मिटून बसवलं आणि त्यांच्यामागे इतरांनी एकेक आवाज काढला. पाचसहा म्हातारे आळीपाळीनं खोकत होते.

"अहो, नीट खोका की. हा काय खोकला झाला?"

"अरं, उसना किती खोकू? मुकादमापुढं खोकून रजा घेत हुतास, तसा तूच खोक!"

हशा पिकला, आणि डोळे मिटलेल्यांना हशा तेवढा ऐकू आला. खोकला नाही. शिंक नाही. घोरणं नाही. नाक ओढणं नाही. मग एका शिक्षिकेनं दुखत असल्यासारखं कण्हून दाखवलं. तेही कुणाला ऐकू आलं नाही.

डोळे मिटलेल्यांत आक्काताई बुचडे होत्या. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "आत्ता कसला आवाज काढला?"

"कण्हण्याचा."

आक्काताई म्हणाल्या, "सासूबाई माझ्या अंथरुणाला हायत. औंदा मी सगळ्यांना सांगत हुते, आता त्येंला बरं वाटतंय. कण्हायच्या थांबल्यात." आणि त्या उठून, चपला हातात घेऊनच, घरी गेल्या.

गटानं कंपनीला विचारलं. उत्तर सभ्य होतं. कोणते आवाज गाळायचे हे ठरवणारी यादी ही आमची मालमत्ता आहे, ती उघड करता येत नाही. हजारो ग्राहकांना विचारूनच गाळणी घडवली आहे. खोकणं, कण्हणं, रडणं असे आवाज बहुतेकांना नको असतात.

दत्तोबांनी ते दोनदा वाचलं. त्यात त्यांना खोटं काही सापडलं नाही. खोकला कुणाला हवा असतो? त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही नकोच म्हटलं असतं. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. चौकोनात खूण आधीच होती, आणि ती करायला हात त्यांनीच वर केला होता.

पुढच्या आवृत्तीची सभा भरली तेव्हा पोरं तापलेली होती. निर्मळ मुळापासून काढा, कंपनीला हाकला. दत्तोबा उभे राहिले.

"काढून टाकू नका," ते म्हणाले. "पयल्या वर्षी मोकळ्या गाळणीनं लोकांनी यंत्रं कपाटात टाकली, ती मी बघितल्यात. ज्येला चार महिनं कळ काढता येत न्हाई, त्यानं काय बहिरंच ऱ्हायचं? असू दे ती. पण खूण आधी करून ठेवू नका. चौकोन रिकामा ठेवा. आणि माणसाला समोर बसवून सांगा, हिच्यातनं बोलणं लगेच कळंल, पण तुझ्या घरात कोण खोकलं, कोण कण्हलं, ते येणार न्हाई. आणि आणखी काय येत न्हाई ते आम्हालाबी ठाऊक न्हाई."

"आणि तरी त्यानं तीच घेतली तर?" एका पोरानं विचारलं.

"घेऊ दे. पण घेतली हे त्येला कळू दे."

इम्तियाज मागच्या बाकावरून म्हणाला, "दोन वर्षांमागं हे मी बोललो तर मला कटकट्या म्हणालास."

"कटकट्या तू हायेसच. त्येचा हितं काय संबंध?"

ठराव झाला. पण तो नव्यांसाठी. ज्यांच्या कानात निर्मळ बसली होती, त्यांचं सोपं नव्हतं. धाग्यातून येणारे इशारे खऱ्या आवाजासारखे नसतातच. मेंदू ते एखाद्या परक्या भाषेसारखे शिकतो, आणि प्रत्येक गाळणीची भाषा वेगळी. गाळणी बदलली की शिकलेलं सगळं वाया. तरुण मेंदू पुन्हा शिकतो. म्हाताऱ्याचं सांगता येत नाही. आक्काताईंनी बदलली नाही. आजारी माणूस घरात असताना मी महिनोन्‌महिने ठार बहिरी होऊन कसं चालेल, असं त्या म्हणाल्या. आता त्या काम टाकून उठतात आणि सासूबाईंच्या तोंडाकडे बघून येतात.

दत्तोबांनी बदलायचं ठरवलं.

"सदुसष्टीला आलास," इम्तियाज म्हणाला. यावेळी चेष्टा नव्हती. "परत शब्द लागतीलच असं न्हाई. आणि वहिनींचा आवाज... मोकळ्या गाळणीतनं फोनवरचं बोलणं लई वाईट येतं. मला तर गाणी अजून लागत न्हाईत."

"ठाऊक हाय."

घरी मयूरी चिडली. "कशाला पण? खोकला आला तर मी सांगीन की तुम्हाला. रोज सांगीन. आईचा आवाज तुम्हाला दोन वर्षांमागं मिळालाय, तो असा घालवताय?"

"तू सांगशील?"

"हो."

"गणपतीपासनं दिवाळीपतोर सांगितलंस?"

मयूरी उगाच पाण्याचा तांब्या भरायला लागली.

"तू न्हाई सांगणार. तुझ्या आईनं पण न्हाई सांगितलं. मी पण न्हाई सांगत, माझा गुडघा दुखतोय ते. आपल्या घरात कोण सांगत न्हाई, बाई. ऐकावंच लागतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी, मयूरी शेजारी गेली असताना, त्यांनी शालनचे निरोप लावले. सगळे ऐकले नाहीत. आमटीचा दोनदा ऐकला. मग शर्ट बदलून सभागृहात गेले आणि इम्तियाजपुढे कान केला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. जग म्हणजे नुसता पत्रा आणि वाळू. फुलपात्र पडलं काय, कुत्रं भुंकलं काय, मयूरीनं हाक मारली काय, सगळं एकच. दत्तोबा दुकानात बोटानं दाखवून सामान आणायला लागले. एकदा चिडून त्यांनी यंत्र काढून कपाटात टाकलं आणि संध्याकाळी गुपचूप परत लावलं. मयूरी रोज समोर बसून त्यांच्याकडून शब्द घोकून घ्यायची. ती 'पाणी' म्हणायची, ते 'राणी' म्हणायचे, कधी कधी 'म्हैस' म्हणायचे. हसता हसता तिला खोकला यायचा.

आणि त्या सगळ्या वाळूत त्यांना पहिल्यांदा ओळखता आला तो तोच आवाज. शब्द नव्हेच. दोन तुकड्यांत फुटणारा, मधे श्वास ओढणारा. स्वयंपाकघरातून आला, माडीवरून आला, तरी ते मान वर करायचे. "औषध घेतलंस?" मयूरी दचकायची. मग तिला सवय झाली. मग ती आधीच ओरडून सांगायला लागली, "घेतलंय, अण्णा!" ते त्यांना कळायचं नाही, पण हातातली बाटली दिसायची.

युनिट तिनं दुसऱ्याला चालवायला दिलं. धुळीत जाणं थांबलं. महिने गेले. दत्तोबांना थोडे शब्द लागले, बरेच लागले नाहीत. शालनचा आमटीचा निरोप त्यांनी एकदा लावून बघितला. आत एक बाई बोलत होती, एवढंच कळलं. ती शालन आहे, हे त्यांना ठाऊक होतं म्हणून ती शालन होती. त्यांनी फोन बंद केला आणि पुन्हा लावला नाही.

चैत्रात मयूरी तपासणीसाठी एकटीच मिरजेला जाऊन आली. दुपारची वेळ होती. दत्तोबा सोप्यात पेपर घेऊन बसले होते. ती आली, पाणी प्यायली आणि आत जाऊन कपडे घड्या करता करता काहीतरी सांगायला लागली. भरभर, मधे हसत, डॉक्टरांची नक्कल करावी तसा आवाज जाड करत. फोटो चांगला आला की वाईट, गोळ्या बंद की चालू, त्यांना त्यातलं काही लागलं नाही. 'मिरज' तेवढं लागलं, तेही बहुधा.

त्यांनी पेपर खाली ठेवला. आत जाऊन "परत सांग" म्हणायचं त्यांच्या मनात आलं. पण ते बसून राहिले. मान जरा तिरकी करून, एकच ओळखीचा आवाज येतोय का, ते ऐकत.

ती बराच वेळ बोलत होती. तो आला नाही.